तबकडी वाचली का जात नाही?

विद्यार्थिमित्रहो, सन १९५६ मध्ये भोपाळ ही नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली आणि नागपुरातील सरकारी नोकरीत असलेली अनेक मराठी कुटुंबे इकडे राहावयास आली. आमचे वडील त्यांपैकीच एक. त्या दिवसांच्या आठवणी त्यांनी २००६ साली आम्हांस सांगितल्या व आम्ही त्या घरच्या संगणकावर एका सीडीत, म्हणजे तबकडीत, साठवून ठेवल्या. वडील आता हयात नाहीत. गेल्या वर्षी ती तबकडी आम्ही यंत्रात घातली, तेव्हा यंत्र क्षणभर घरघरले आणि गप्प झाले. बाजारातून आणलेल्या गाण्यांच्या तबकड्या मात्र त्याच यंत्रात बिनतक्रार वाजत होत्या. मग दोष कोणाचा, यंत्राचा की तबकडीचा?

या कोड्याचा उलगडा होण्यासाठी तबकडी कशी वाचली जाते, हे पाहिले पाहिजे. सीडीवर केंद्रापासून कडेपर्यंत जाणारी एकच सर्पिल वाट असते. तिच्या लगतच्या दोन वेढ्यांत अवघे १.६ मायक्रोमीटर अंतर असते. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. विकतच्या तबकडीत या वाटेवर सूक्ष्म खळगे ठशाने उमटवलेले असतात. लेसरचा किरण त्यांवर पडून परततो व त्या परतलेल्या प्रकाशाच्या कमीअधिकपणावरून यंत्र मजकूर ओळखते. घरी लिहिलेल्या तबकडीत खळग्यांऐवजी रंगद्रव्याचा थर असतो, आणि वर्षे लोटली की तो फिका पडू लागतो. पुन्हापुन्हा लिहिता येणारी तबकडी तर मुळातच फार थोडा प्रकाश परत पाठवते. यंत्राचे भिंग धुळीने मळले अथवा लेसर क्षीण झाला, की ठळक तबकडी तेवढी वाचली जाते. वृद्ध मनुष्यास छापील अक्षर दिसते, पण पुसट शाईचे पत्र वाचता येत नाही, तसेच हे होय.

म्हणून दोष शोधताना प्रथम तुलना करावी. सर्व सीडी चालतात, पण एकही डीव्हीडी चालत नाही, असे असेल तर यंत्राचा संशय घ्यावा. कारण सीडीला ७८० नॅनोमीटरचा व डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा, असे निरनिराळे लेसर लागतात. अमेरिकेतील आप्तांनी पाठविलेली चित्रपटाची डीव्हीडी तेवढी अडली, तर बहुधा बिघाड नसतोच. त्या देशाचा विभाग १ व भारताचा ५ असल्याने यंत्र ती नाकारते. एकच तबकडी अडत असेल, तर ती मऊ कापडाने केंद्राकडून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून पुसू नये. आडवा बारीक ओरखडा यंत्रास गणिताने भरून काढता येतो. ही गणिती युक्ती रीड व सॉलोमन यांनी १९६० साली मांडली. वाटेच्या दिशेने गेलेला लांब ओरखडा मात्र सलग मजकूर नष्ट करतो. इतके करूनही यश न आले, तर तबकडी दुसऱ्या यंत्रात घालून पाहावी.

आम्हीही तेच केले. शेजाऱ्यांच्या यंत्रात वडिलांचा आवाज ऐकू आला आणि घरातील सर्वजण स्तब्ध झाले. म्हणजे आमच्या यंत्राची दृष्टी मंदावली होती. आम्ही तत्काळ त्या आठवणींची प्रत काढली. परंतु शेवटची काही मिनिटे मिळाली नाहीत. तबकडी उलटी करून पाहिली तेव्हा कारण उमगले. सीडीचा चकचकीत थर चित्राच्या बाजूस, पातळ लेपाखाली असतो. त्याच बाजूस, अगदी कडेला, आम्ही बॉलपेनने जोर देऊन वडिलांचे नाव लिहिले होते. सीडी आतून बाहेर लिहिली जाते. शेवट कडेलाच येतो.

मित्रहो, आपल्या घरीही अशी एखादी तबकडी कपाटात असेल. ती वाचली जात आहे तोवरच तिची प्रत काढून ठेवा, आणि तिच्यावर नाव लिहावयाचेच असेल, तर ते मऊ टोकाच्या लेखणीने लिहा.