पावसाळी गटारांची निगा

पावसाळी गटार हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. ते साहजिक आहे. परंतु वसंताचे हे दिवस सरले की महिना-दीड महिन्यात मृग लागतो, आणि मग हाच विषय गुडघाभर पाण्याच्या रूपाने दुकानात, कचेरीत नि गोदामात शिरतो. आम्ही इंजिनिअर नव्हे. शाळाही बेताचीच झाली. सफाई कामगारांच्या संघटनेचे काम करता करता हा विषय आम्हाला शिकावा लागला. तेव्हा व्यापारी इमारतींच्या आवारातील गटारांपुरतेच आज बोलू.

प्रथम हिशेब पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झाले. २,००० चौरस मीटरच्या आवारात तासाला २५ मिलिमीटर पाऊस झाला, तर तासाभरात ५०,००० लिटर पाणी जमते. मुंबईची जुनी पावसाळी गटारे याच मापाने बांधलेली होती : तासाला २५ मिलिमीटर पाऊस, समुद्राला ओहोटी, आणि पडेल त्यातले निम्मे पाणी जमिनीत मुरेल. १९९३ सालच्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने हे माप तासाला ५० मिलिमीटर करावे आणि पाणी मुरत नाही असेच धरावे, असे सुचविले. अंगणाला फरशी घातली की मुरणारे पाणी वाहू लागते. नळ मात्र पूर्वीचाच राहतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तसल्या पावसात कोणतेही गटार अपुरेच पडेल. पण त्या दिवसाचे नाव सांगून नेहमीच्या सरीत तुंबणाऱ्या गटारावर पांघरूण घालता येणार नाही.

आता पाण्याची वाट पाहा. छपरावरच्या पन्हळीतून ते उभ्या नळात येते, तेथून जाळीच्या चरात, चरातून चेंबरात आणि शेवटी नगरपालिकेच्या गटारात. चेंबरचा तळ बाहेर जाणाऱ्या नळापेक्षा मुद्दाम खाली ठेवतात, म्हणजे जड माती तेथेच बसते. हा खड्डा भरला की माती पुढे नळात शिरते. खड्ड्यातली माती वर उभे राहून लांब दांड्याच्या फावड्याने निघते. नळात गेलेल्या मातीसाठी यंत्र आणावे लागते. आणि यंत्राचा खर्च नको म्हणून माणूस आत उतरवला जातो. सारा अनर्थ येथे सुरू होतो.

भाजीचा पाला, थर्माकोल, प्लास्टिक जाळीवर अडकते. दुकान दुरुस्त करणारा गवंडी उरलेले सिमेंटचे पाणी जाळीत ओततो. ते आत जाऊन दगड होते. सर्वांत घातक म्हणजे चोरून जोडलेली मोरी. याची परीक्षा सोपी आहे. चैत्र-वैशाखात पावसाळी गटार कोरडे असले पाहिजे. झाकण काढल्यावर पाणी वाहताना दिसले, तर कोठेतरी नळ फुटला आहे किंवा सांडपाणी जोडलेले आहे. संशयित मोरीत रंगीत पाणी ओतले की चोरी उघडी पडते.

हा प्रश्न दुर्गंधीपुरता नाही. साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास येत नाही म्हणून धोका नाही, असे समजून माणूस उतरतो आणि कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, आणि तोही वर येत नाही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून गटारात व मैल्याच्या टाकीत माणूस उतरवण्यास, प्रत्यक्ष काय नि अप्रत्यक्ष काय, बंदी केली आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख रुपये ठरविली. ‘माणसे कंत्राटदाराची होती’ हे मालकाचे उत्तर आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. ‘अप्रत्यक्ष’ हा शब्द कायद्यात त्यासाठीच आहे. आणि ज्यात मैला सोडला आहे, त्या नळाला पावसाळी म्हटल्याने तो निराळा होत नाही.

मग करावे काय? तहान लागल्यावर विहीर खणायची नाही. दिवाळीनंतर एकदा सर्व झाकणे उघडून पाहावीत आणि गाळाची खोली काठीने मोजून वहीत लिहावी. फुटलेले सांधे, खचलेले नळ, भिंतीतली पिंपळाची मुळे ही कामे मार्चअखेर उरकावीत. सिमेंटला पाणी पिऊन घट्ट व्हायला दिवस लागतात. मे महिन्यात गाळ काढावा आणि त्याच दिवशी उचलून न्यावा. काठावर ठेवलेला गाळ पहिल्या सरीबरोबर परत आत जातो. तळघरातला पंप टाकीत पाणी सोडून चालवून पाहावा, आणि वीज गेल्यावर तो कशावर चालेल तेही ठरवावे. पावसाळ्यात दर आठवड्याला जाळ्या झाडाव्यात. पाणी लवकर उतरावे म्हणून झाकण उघडे टाकू नये. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा अंत झाला. झाकणाखाली लोखंडी जाळी बसवून घ्यावी.

कंत्राट देताना गाळाच्या वजनावर पैसे देऊ नयेत. कामाआधी व कामानंतर खोली मोजून द्यावेत. आणि कोणीही आत उतरणार नाही, ही अट पहिल्या कलमात घालावी.

आपल्यापैकी पुष्कळांची दुकाने आहेत, कचेऱ्या आहेत. सभागृहातून परत गेल्यावर आपल्या आवारातले एक झाकण उघडवून आत काय आहे ते पाहा. पाऊस यायला अजून अवकाश आहे, आणि आज ते काम वर उभे राहून होण्यासारखे आहे.