सरकारी रुग्णालयात औषध का संपते?

वॉर्डातली सिस्टर 'हे बाहेरून आणा' म्हणत चिठ्ठी हातात ठेवते आणि नातेवाईक फाटकासमोरच्या मेडिकलकडे धावतो. हे का होते, असे विचारले की ठरलेले उत्तर येते: सरकारकडे पैसा नाही. आरोग्यावरची तरतूद अपुरी आहे हे खरेच. पण तुटवड्याचे तेवढे एकच कारण मानणे हा मोठा गैरसमज आहे. महाराष्ट्राने 2017 मध्ये सरकारी रुग्णालयांची औषध खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली. पुढची काही वर्षे सर्वांत जास्त तक्रार झाली ती निधी पडून राहिल्याची. मागणीपत्रे गेलेली, पैसे वर्ग झालेले आणि निविदा मात्र अडकलेल्या. रुपयाचे औषध करून ते वेळेत खाटेपर्यंत नेणारी व्यवस्थाच लंगडी होती.

यावरून 'केंद्रीय खरेदीच चुकीची, अधिकार जिल्ह्यांना परत द्या' असे म्हणणारे बरेच आहेत. त्यांचा राग समजण्यासारखा आहे, पण तमिळनाडूचा अनुभव उलट सांगतो. तिथे 1994 मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन झाले आणि तेही केंद्रीय खरेदीच करते. फरक खरेदीनंतरच्या कामात आहे. महामंडळाने जिल्ह्यांत स्वतःची गोदामे उभारली. प्रत्येक रुग्णालयाला एक पासबुक दिले. त्यात वर्षाची औषधांची रक्कम जमा धरतात, रुग्णालय गोदामातून लागेल ते औषध उचलते आणि तेवढी किंमत वजा होते. म्हणजे दर चेन्नईत ठरतो, पण कोणते औषध किती घ्यायचे हे रुग्णालयच ठरवते. आलेल्या मालाचे नमुने कंपनीचे नाव झाकून, सांकेतिक क्रमांकाने प्रयोगशाळेत जातात आणि अहवाल चांगला आल्यावरच माल वाटला जातो. 'एकाच ठिकाणी खरेदी म्हणजे एकाच ठिकाणी भ्रष्टाचार' या आक्षेपात तथ्य आहे, म्हणूनच ही झाकलेली तपासणी मला दरपत्रकाइतकीच महत्त्वाची वाटते.

आधुनिकीकरण म्हणजे संगणक आणि ॲप, ही समजूतही अर्धवट आहे. तमिळनाडूची गोदामे संगणकाने मुख्यालयाशी जोडलेली होती आणि त्याचा उपयोग झाला, कारण साठा घटला की पुढची मागणी नोंदवायची हे कोणाचे काम, ते आधी ठरले होते. ते ठरलेले नसेल तर पडद्यावर शून्य साठा दिसत राहतो आणि चिठ्ठ्याही निघत राहतात.

तमिळनाडूची गोष्ट वेगळी, तिथले प्रशासनच निराळे, असेही सांगितले जाते. पण राजस्थान तर मागास राज्यांत गणले जात होते. तिथेही 2011 मध्ये याच धर्तीचे महामंडळ उभे राहिले आणि त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला मोफत औषध योजना सुरू झाली. महाराष्ट्राने 2023 मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन केले. त्याच वर्षी 15 ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचारही मोफत झाले. उपचार मोफत झाले की रुग्ण वाढतात आणि औषध लवकर संपते. त्यामुळे प्राधिकरणाने किती कोटींच्या निविदा काढल्या, एवढ्यावर त्याचे काम मोजू नये. किती जिल्ह्यांत गोदाम आहे, तिथे किती महिन्यांचा साठा आहे आणि कोणत्या रुग्णालयात कोणते औषध किती दिवस नव्हते, हे आकडे दरमहा जाहीर करायला आपण त्याला भाग पाडले पाहिजे.