वाऱ्यानं बोली खाऊ नये म्हणून

साध्या बोलण्यानं हवेचा दाब हलतो तो जेमतेम 0.02 पास्कलनं, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या पन्नास लाखाव्या भागानं. रोवणीच्या दिवसांत भंडारा जिल्ह्यातल्या लाखनी-साकोलीकडच्या बांधीत सेकंदाला तीन मीटर वेगानं येणारी, अंगाला बरी वाटणारी झुळूक पाच पास्कलच्या वर दाब टाकते. माइकच्या जाळीवर आपटून तिचे भोवरे होतात आणि आतला पातळ पडदा त्यांच्याबरोबर हेलकावतो. म्हणून धुऱ्यावर बसून एखाद्या आजीकडून रोवणीची गाणी रेकॉर्ड करून आणावीत, तर आजीपेक्षा वाराच जास्त ऐकू येतो. महागडा माइक घेऊन यातून सुटका होत नाही. ती होते त्यावरच्या कव्हरनं.

स्पंजाचं कव्हर मंद झुळूक अडवतं. उघड्या रानात मात्र केसाळ कव्हर हवं. त्याच्या केसांत वाऱ्याचा वेग मोडतो आणि पडद्याभोवती स्तब्ध हवेचा थर राहतो. आवाजाची लाट त्यातून पार होते, कारण तिच्यात हवा वाहत नाही, जागच्या जागी कणभर मागेपुढे होते.

पण जाड किंवा पावसात भिजलेलं कव्हर आवाजाचा वरचा, बारीक भाग गिळतं. इथं भंडाऱ्यापुरता प्रश्न गंभीर होतो. इथल्या झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘श’चा ‘स’ होतो. ‘स’ची शीळ साधारण चार-पाच हजार हर्ट्झच्या वर असते, ‘श’ची त्याखाली सुरू होते. वरचा भाग गेला की दोन्ही एकमेकांजवळ सरकतात आणि बोलीची खूणच पुसट होते. 1905 मध्ये निघालेल्या ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात मराठी बोलींचे नमुने आहेत, पण कागदावर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्यानं जिल्ह्याजिल्ह्यांतलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं, ते आज कुणालाही ऐकता येतं. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासासाठी आयुष्य वेचलं. त्या कामात आज गावातला कुठलाही विद्यार्थी भर घालू शकतो, आणि मला वाटतं त्यानं ती घालावीच. म्हातारी माणसं थांबणार नाहीत.

माइक धरायचा कसा? तोंडापासून वीतभर, हनुवटीच्या किंचित खाली, तिरका. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो, मागचा ट्रॅक्टर मात्र तेवढाच राहतो. तोंडासमोर तळहात धरून ‘भंडारा’ म्हणून पाहा: ‘भ’चा फुंकारा हाताला लागतो. माइक सरळ समोर असेल तर तोच ‘धप्प’ असा उमटतो. बोटांची हालचालही पडद्यापर्यंत पोचते. रबरी पट्ट्यांत माइक टांगणारा होल्डर ती बरीच शोषून घेतो. तो नसेल तर वायरीचा एक वेढा हाताभोवती घ्यावा, म्हणजे वायरीचे हिसके वर जात नाहीत. रेकॉर्डरवर ‘लो कट’ (खालचे आवाज कापणारी सोय) असेल तर तो 80 हर्ट्झवर लावावा. पुरुषाचा आवाज साधारण 120 आणि बाईचा 200 हर्ट्झच्या आसपास सुरू होतो, त्यामुळे गमावण्यासारखं काही नसतं.

मोबाइलला वायरचा माइक लावणाऱ्यांनी पिन नीट पाहावी. तिच्यावर दोनच काळ्या रेघा असतील तर बहुतेक फोन ती ओळखत नाहीत आणि गुपचूप स्वतःच्याच माइकनं रेकॉर्ड करतात. तीन रेघांची पिन किंवा तसं कनेक्टर लागतं. निघण्यापूर्वी रेकॉर्डिंग सुरू करून माइकची जाळी नखानं खरवडावी आणि ऐकावं. खरखर मोठी आली तर जोडणी बरोबर आहे.