दुखत नाही म्हणून गप्प बसू नका!

गेल्या संक्रांतीची गोष्ट. आमच्या सातपूर कॉलनीत हळदीकुंकू होतं. वाण घेता घेता शेजारच्या वहिनी हळूच म्हणाल्या, "अहो, चार महिने झाले, छातीत सुपारीएवढी गाठ लागतेय. पण दुखत नाही, म्हणून कुणाला बोलले नाही." दुसऱ्याच दिवशी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

मैत्रिणींनो, 'दुखत नाही ना, मग काळजी कशाला?' हाच आपला समज घात करतो. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. हाताला जाणवतो तो तिचा टणकपणा. तो येतो कुठून?

साडीला एकदा रफू केलं तर कापड मऊच राहतं. त्याच जागी पुन्हा पुन्हा दोरा भरला, तर तिथे कडक गठ्ठा होतो. शरीरही जखम भरताना कोलॅजनचे धागे विणतं आणि जखम भरली की थांबतं. कर्करोगाच्या गाठीत मात्र हे विणकाम चालूच राहतं. धागे दाट होतात, एकमेकांत जखडतात, कधी वरची कातडी आत ओढून खळी पाडतात. हा टणकपणा रोगाच्याच पथ्यावर पडतो. ताठ धाग्यांच्या वाटेने रोगट पेशी बाहेर सरकतात, आणि रक्तवाहिन्या दबल्यामुळे औषध आत नीट पोचत नाही. म्हणून गाठ लहान असतानाच गाठायची!

मुंबईच्या टाटा मेमोरियलने १९९८ साली वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यातल्या निम्म्या बायकांची शिकवून तयार केलेल्या सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष आले. तपासलेल्या बायकांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तशी घट दिसली नाही. पण गाठ लागली तर वय बघत बसू नका.

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, बऱ्याचशा साध्याच असतात. पण ते ठरवायचं डॉक्टरांनी, सोनोग्राफी, मॅमोग्राफी, लागलाच तर तुकडा तपासून. गाठ, कातडीला खळी, आत ओढलेलं बोंड, रक्ताळ स्राव, यांतलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा.

वहिनींचं ऑपरेशन झालं, उपचार चालू आहेत. परवा म्हणाल्या, "दिवाळीतच बोलायला हवं होतं हो." तुम्ही मात्र आजच बोला!