घरची बोली आणि इंग्रजीचे माप

अमेरिकेच्या शिरगणतीत 1980 पासून, आणि पुढे तिच्या वार्षिक पाहणीत, घरी इंग्रजीखेरीज कोणती भाषा बोलता असे विचारून, बोलणाऱ्यास इंग्रजी उत्तम येते, बरी येते, बेताची येते की मुळीच येत नाही, याचीही नोंद घेतली जाते. आपल्या शिरगणतीच्या तक्त्यात मातृभाषेचा रकाना आहे, अवगत असलेल्या आणखी दोन भाषांचा आहे. परंतु ती विद्या कितपत आहे, या चौकशीत आपले सरकार पडत नाही. 2011 साली इंग्रजी मातृभाषा सांगणारे जेमतेम 2 लाख 60 हजार निघाले, आणि दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून ती सांगणारे सुमारे 13 कोटी. त्यामुळे या बेरजेत उच्च न्यायालयातला वकील आणि अक्षरे लावून पाटी वाचणारा, दोघेही सारख्याच मानाने बसले आहेत.

छत्रपती संभाजीनगरात गारखेड्याच्या अंगाला वसलेल्या पुंडलिकनगरासारख्या वस्तीत तर हा तक्ता फारच तोकडा पडतो. घरात मराठवाडी वळणाची मराठी आणि रिक्षात, बाजारात दखनी ढंगाची हिंदी बोलणारे पोर सेमी इंग्रजीच्या वर्गात गणित इंग्रजीतून सोडवते. एखाद्या बंजारा कुटुंबात याखाली गोरमाटी बोलीचा आणखी एक थर असतो, जो शिरगणती हिंदीच्या खाती जमा करून मोकळी होते.

घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी, हा या शहराचा जुनाच शिरस्ता. निजामाच्या अमदानीत कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. 1918 साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच. आणि मौलवी अब्दुल हक यांचा इंग्रजी-उर्दू कोश 1937 साली प्रसिद्ध झाला तो याच शहरातून. त्या काळी घरी मराठी बोलणारा विद्यार्थी उर्दूत दरखास्त लिहू शके, याचे श्रेय एकट्या शाळेला देता येत नाही. शहागंजच्या बाजारात, शेजाऱ्याच्या ओट्यावर, मुन्सिफाच्या दारात ती भाषा त्याच्या कानी सतत पडे आणि तिच्यात उत्तर देणे त्याला भाग पडे. (त्या सक्तीने मराठीची जी आबाळ झाली, तिचे समर्थन येथे अभिप्रेत नाही.)

इंग्रजीला पुंडलिकनगरात असा बाजार नाही. 2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली खरी, पण मुलाची इंग्रजी पाठ्यपुस्तकातून निघते आणि उत्तरपत्रिकेत विसावते; वाटेत तिला बोलायला कोणी भेटत नाही. अशा वेळी ‘घरीही इंग्रजीच बोला’ हा पालकांना मिळणारा उपदेश मला अविचाराचा वाटतो, कारण ज्या आईला ती भाषा सफाईने येत नाही तिने ती बोलावयाची म्हणजे मुलाशी चार शब्दांतच बोलायचे, आणि अपूर्णांक का उलटा करून गुणायचा हे जे तिला मराठीत सहज समजावता आले असते, तेही गमवायचे. बोलण्याची तालीम हे शाळेचे काम आहे. चाळीस मिनिटांच्या तासात शिक्षकानेच सारा वेळ वाचून न दाखवता प्रत्येक मुलाला दोन वाक्ये स्वतःची बोलू दिली आणि त्यांतल्या चुका त्या घटकेपुरत्या पोटात घातल्या, तर ते घरच्या मराठीला धक्का न लावताही साधेल.