वसतिगृहातील भोजनव्यवस्था, विद्यार्थी आणि पर्यावरण : कर्मवीरांच्या स्वावलंबी परंपरेच्या संदर्भात

प्रस्तावना :
राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. पुढे विविध समाजांची वसतिगृहे स्थापन झाली आणि कोल्हापूर 'वसतिगृहांची जननी' म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यामुळे महाविद्यालयीन भोजनव्यवस्था पर्यावरणपूरक करण्यात विद्यार्थ्यांचा वाटा कोणता, या प्रश्नाचा विचार याच परंपरेच्या आधारे करणे उचित ठरते.

प्रश्नाचे स्वरूप :
संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील २८ टक्के वाटा उपाहारगृहे, खानावळी व तत्सम भोजनसेवांचा होता. अन्नाबरोबर ते पिकविण्यास व शिजविण्यास लागलेले पाणी, इंधन आणि श्रमही वाया जातात. शिवाय कचरा डेपोत दबलेले अन्न हवेअभावी कुजून मिथेन हा तापमानवाढीस कारणीभूत वायू तयार होतो.

मेसचे मासिक शुल्क ठरावीक असल्यास ताटात टाकलेल्या भाताची किंमत विद्यार्थ्याला जाणवत नाही. जेवणारा आणि स्वयंपाकघर यांच्यात पडलेले हे अंतर नासाडीचे एक महत्त्वाचे कारण आहे.

कर्मवीरांचा प्रयोग :
कुंभोज येथे जन्मलेले व कोल्हापुरात शिकलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत आणि स्वयंपाक, सफाई व शेतकाम स्वतः करीत. मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. अशा घरात अन्नाचे मोल निराळे शिकवावे लागत नसे.

अर्थात, या व्यवस्थेचा हेतू समता व स्वावलंबन हा होता, पर्यावरणरक्षण नव्हे; आणि तेथील काटकसर टंचाईतून आलेली होती. ती टंचाई पुन्हा यावी, असे कोणी म्हणणार नाही. परंतु जेवणाऱ्याने स्वयंपाकघराची जबाबदारी वाटून घ्यावी, हे तत्त्व आजही उपयुक्त आहे.

विद्यार्थ्यांनी करावयाचे कार्य :
पर्यावरण अभ्यासाच्या प्रकल्पांतर्गत किंवा राष्ट्रीय सेवा योजनेमार्फत विद्यार्थी रोजचे उष्टे अन्न तोलून त्याची नोंद फलकावर लावू शकतात. गैरहजेरीची पूर्वसूचना घेतल्यास स्वयंपाकाचा अंदाज चुकत नाही. प्रथम थोडे वाढावे व मागितल्यास पुन्हा द्यावे. त्यामुळे कोणी अर्धपोटी राहत नाही. ज्वारीची भाकरी व हंगामी भाज्यांना स्थान द्यावे आणि कागदी पेल्यांऐवजी स्टीलची भांडी वापरावीत. उरलेल्या ओल्या कचऱ्यापासून गांडूळखत किंवा बायोगॅस तयार करता येतो. मात्र नासाडी रोखणे हे पहिले आणि खतनिर्मिती हे त्यानंतरचे काम होय.

निष्कर्ष :
हे उपक्रम केवळ मूल्यांकनाच्या अहवालापुरते राबविल्यास छायाचित्रे उरतील, सवय उरणार नाही. मेस समितीत विद्यार्थ्यांना खर्च, धान्य व कचरा यांचा हिशेब पाहण्याचा आणि त्यावर निर्णय घेण्याचा अधिकार मिळाला पाहिजे. प्राध्यापकांनीही त्याच पंगतीत बसून जेवल्यास या शिक्षणास खरे बळ लाभेल.