वर्षावासात वडीलधाऱ्यांसाठी संगणकाचा वर्ग

आपल्या वस्तीतील वडीलधाऱ्यांनी गिरणीत, रेल्वेत, सफाई खात्यात घाम गाळला. आयाबहिणींनी चार घरची धुणीभांडी केली आणि मुलांना शिकविले. आज नातवंडे संगणक चालवितात, आजोबा मात्र साध्या अर्जासाठी दुकानदाराच्या दारात ताटकळत बसतात. पैसे जातात ते जातातच, आपली कागदपत्रे आणि गुप्त आकडेही परक्याच्या हाती जातात. हे परावलंबन आता थांबले पाहिजे.

२०१७ साली पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान सुरू झाले. ते खेड्यांपुरते होते आणि वयाची अट होती १४ ते ६० वर्षे. म्हणजे साठी ओलांडलेला माणूस दाराबाहेरच! ती योजनाही मार्च २०२४ मध्ये संपली. तेव्हा हे काम आता आपल्या विहारांनीच हाती घ्यावे, असे आम्हांस वाटते.

त्यासाठी वर्षावासासारखा काळ नाही. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या वाचनाला ज्येष्ठ मंडळी विहारात जमतातच. वाचनानंतर अर्धा तास संगणकाला द्यावा. एखाद्या घरातला जुना संगणकही चालेल.

सुरुवात मराठी अक्षरांनी करावी. इनस्क्रिप्ट कळफलकात स्वर डावीकडे, तर बहुतेक व्यंजने उजवीकडे असतात. ‘क’ची कळ शिफ्टसह दाबली की ‘ख’ उमटतो, ‘ग’ची दाबली की ‘घ’. ज्याला बाराखडी येते त्याला ही मांडणी परकी वाटत नाही. पहिल्या दिवशी स्वतःचे नाव, दुसऱ्या दिवशी गावाचे. शिकविणाऱ्या तरुणांना एकच विनंती : हात चुकला तरी त्यांच्या हातातला माउस काढून घेऊ नका. चुकत चुकतच हात बसतो.

आश्विन पौर्णिमेपाठोपाठ नोव्हेंबर येतो. अनेक निवृत्तिवेतनधारकांचा हा हयातीच्या दाखल्याचा महिना. २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ ही सोय आली; पण कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र ओळखत नाही, असे पुष्कळदा घडते. २०२१ पासून मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढे चेहरा धरूनही हा दाखला देता येतो. वर्गातील शेवटचे आठ दिवस याच सरावाला द्यावेत.

एक धडा मात्र रोज म्हणून घ्यावा : ओटीपी म्हणजे घराची किल्ली, ती फोनवर कोणालाही सांगायची नाही. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे.

‘शिका’ हा बाबासाहेबांचा संदेश केवळ नातवंडांसाठी नाही. येत्या आषाढ पौर्णिमेला प्रत्येक विहारात निदान एक संगणक मांडू या, आणि त्याच्यापुढच्या खुर्चीवर पहिला मान आजीला देऊ या.

जय भीम!